फाईल सर्व्हर कनेक्ट होईना? आधी एवढं बघ

भाऊ, टेन्शन घेऊ नको, अन् घाईघाईत सांबाची (लिनक्स सर्व्हरवरचे फोल्डर विंडोजला दाखवणारं सॉफ्टवेअर) कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची फाईल उघडून दहा गोष्टी बदलू नको, मग नेमकं काय बिघडलं तेच कळत नाही. आधी सर्व्हरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा पत्ता, पिंग कर, म्हणजे तिथून उत्तर येतंय का बघ. तुमच्या लातुरात लाईट गेली-आली की राऊटर परत चालू होताना कधीकधी सर्व्हरला दुसराच आयपी देऊन मोकळा होतो, अन् आपण जुन्याच घराचं दार वाजवत बसतो. राऊटरमधी तो आयपी फिक्स करून टाक, अर्धी कटकट तिथंच मिटते.

पिंग लागतोय पण फोल्डर उघडंना, तर:

- नावाऐवजी आयपी टाकून उघड. उघडलं तर घोळ नावाचा हाय, सर्व्हर ठीक.
- सर्व्हरच्या फायरवॉलमधी पोर्ट ४४५ (फाईल शेअरिंगचा रस्ता) उघडा हाय का?
- पासवर्ड. इथंच बहुतेक नवीन पोरं अडकतात. साध्या सेटअपमधी लिनक्सचा पासवर्ड वेगळा अन् सांबाचा वेगळा, तो सांबाचा वेगळा सेट करावाच लागतो. वरून विंडोज जुना पासवर्ड धरून बसतं, विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधून (जिथं पासवर्ड साठवलेले असतात) ती नोंद उडव.

कोणी म्हणंल एसएमबी १ (फाईल शेअरिंगची जुनी पद्धत) चालू कर, अजिबात करू नको, २०१७ मधी वॉनाक्राय हा फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस त्याच्यातूनच घुसला होता. फोल्डरला ७७७ परमिशन (कोणीही काहीही बदलू शकतं अशी) पण नको. आता एरर आहे तशी टाईप करून पाठव, कोडसकट.