पियानोवरून ऑर्गनवर

प्रश्न : मी पियानोच्या मैफली करतो. आता चर्चमध्ये ऑर्गनवर स्तोत्रांना साथ करायची आहे. सूर तुटक येतात, गाणारेही मागे पडतात. काय चुकतंय?

उत्तर : हात अजून पियानोचाच आहे. ऑर्गनला सस्टेन पेडल, म्हणजे बोट उचलल्यावरही सूर लांबवणारं पेडल, नसतं. बोट उचललं की सूर संपला. म्हणून बोटं बदलायला शिका : तिसऱ्या बोटाने पट्टी दाबलेली असतानाच तिच्यावर पाचवं आणा, मग तिसरं सोडा. जोरात दाबून आवाज वाढत नाही, तो स्टॉप, म्हणजे कोणते पाइप वाजायचे ते निवडणाऱ्या खुंट्या, ठरवतात. सुरुवातीला 8 आणि 4 फुटी प्रिन्सिपल (ऑर्गनच्या मुख्य आवाजाचे स्टॉप) पुरेत. 8 फुटी लिहिलेलाच सूर देतो, 4 फुटी त्याच्या वरच्या सप्तकातला.

गाणारे मागे पडण्याचं कारण बहुधा वेगळंच. लागोपाठ आलेला तोच स्वर चिकटून एकच लांब सूर ऐकू येतो आणि लय हरवते. वरच्या, म्हणजे चालीच्या ओळीत असा स्वर पुन्हा वाजवण्याआधी पट्टी स्पष्ट सोडा. मधल्या ओळींतले जोडलेले चालतील. स्तोत्राची ओळ संपली की सगळीच बोटं उचला, तिथे लोक श्वास घेतात. त्यांची वाट बघत थांबलात तर दोघंही रेंगाळाल.

पायांनी वाजवायच्या 30-32 पट्ट्यांची घाई नको. आधी फक्त खर्जाची ओळ, पातळ तळव्याच्या बुटांनी, हात न लावता.