टोरी पाइनला ‘सुरू’ म्हणावं का?

प्रश्न असा: कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरच्या सांता रोझा बेटावर ‘टोरी पाइन’ हे दुर्मीळ झाड आहे. समुद्रकाठचं झाड, पानं सुयांसारखी. मराठीत ‘टोरी सुरू’ लिहिलं तर चालेल का?

माझ्या मते नको. सुरूचं बन आपल्या ओळखीचं, म्हणून शब्द पटकन ओठावर येतो. पण सुरू पाइनच्या कुळातला नाहीच. त्याची ‘सुई’ म्हणजे पेराची बारीक डहाळी. कोकणात लहानपणी ती पेरावर तोडायची, पुन्हा जुळवायची आणि ‘कुठे तुटली सांग’ म्हणायचं, हा खेळ आम्ही तासन्‌तास खेळलोय. पाइनची सुई हे खरंखुरं पान, त्यात पेर नसतं. शिवाय ‘सुरू’ हा शब्द मुळात फारसीतला, तिथे तो सायप्रेस नावाच्या झाडाचा. आपल्या किनाऱ्यावर येऊन त्याने झाड बदललं. आता तिसऱ्या झाडावर तो चढवला तर वाचकाच्या डोळ्यांपुढे हमखास चुकीचं चित्र उभं राहील.

‘देवदार’ वेगळा, ‘सूचिपर्णी’ फारच मोघम. ‘चीड’ जवळचा आहे, तोही पाइनच, पण हिमालयातला. त्याच्या सुया तीन-तीनच्या जुडीत येतात, टोरीच्या पाच-पाचच्या. संस्कृतातलं चिडाचं नाव ‘सरल’ मला फार आवडतं. उंच, सरळसोट खोडाला ते शोभतंही. पण खाऱ्या वाऱ्याने वाकलेल्या, पिळवटलेल्या टोरीला ‘सरल’ कसं म्हणणार?

म्हणून सरळ ‘टोरी पाइन’ लिहा. ‘टोरी’ हे आडनाव आहे: 1850 मध्ये चार्ल्स पॅरी यांना हे झाड सॅन डिएगोजवळ दिसलं आणि त्यांनी आपले गुरू, वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन टोरी यांचं नाव त्याला दिलं. निसर्गात ते या दोनच जागी उगवतं, सॅन डिएगोचा किनारा आणि सांता रोझा. बेटावरच्या उपजातीचं लॅटिन नाव ‘इन्सुलारिस’, अर्थ ‘बेटाचा’. त्यामुळे दोन्हींत फरक दाखवायचा असेल तिथे ‘बेटावरचा टोरी पाइन’ म्हणा. लॅटिन नावाचाच तो नेमका मराठी अर्थ आहे. अनेकवचनातही ‘पाइन’च: एक पाइन, दहा पाइन.