तेलगळतीत सापडलेली नदीतली कासवं उपचार करून सोडल्यावर खरंच जगतात का?

हो, जगतात. जुलै २०१० मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये पाइपलाइन फुटून कॅलामझू नदीत पातळ केलेलं बिट्युमेन, म्हणजे डांबरासारखं जड तेल, पसरलं. हजारो कासवं पकडून, धुऊन पुन्हा नदीत सोडली; काहींना हिवाळाभर केंद्रातच ठेवलं. 'नॉर्दर्न मॅप' जातीच्या कासवांवर खुणा करून संशोधकांनी पुढे माग ठेवला. पहिल्या १४ महिन्यांत उपचार झालेली कासवं उपचार न झालेल्यांपेक्षा जास्त जगली. ८ ते ११ वर्षांनी हा फरक उरला नव्हता.

माझ्या मते ही मेहनत सार्थकी लागली. कासवं उशिरा वयात येतात, पिल्लंही फार थोडी तगतात. त्यामुळे एकेक प्रौढ मादी वाचणं फार मोलाचं असतं.