बोसा नोव्हा ऐकताना आधी अंगठा ऐका

तुम्ही विचारलंय की बोसा नोव्हा, म्हणजे ब्राझीलचं सांबातून निघालेलं हळुवार संगीत, चार-पाच वेळा लावून बघितलं पण सगळी गाणी सारखीच वाटतात, कॅफेत मागे वाजतात तसली, मग त्यात ऐकायचं काय. मीही बरीच वर्षं हेच म्हणायचो. माझी गाडी अडली होती कारण मी गायकाच्या मागे जात होतो.

गिटारचा अंगठा धरा. बोसा नोव्हाचा गायक-गिटारवादक जुआँव जिल्बेर्तो, त्याचा अंगठा खालच्या तारांवर सांबातल्या मोठ्या ढोलाचा, सुर्दोचा ठोका देत राहतो, अगदी सरळ, आणि बाकीची बोटं तांबोरीं नावाच्या छोट्या ढोलांसारखी आडवीतिडवी पडतात, म्हणजे अख्खं कार्निव्हलचं पथक एका गिटारवर, तेही शेजाऱ्याला त्रास न देता. १९५० च्या दशकाच्या मध्यात तो ब्राझीलमधल्या दियामांतिना गावी बहिणीकडे राहायचा तेव्हा बाथरूममध्ये बसून तासन्‌तास हेच घोटायचा म्हणतात. ठोका डोक्यात पक्का बसला की मग गळ्याकडे या. तो कधी ठोक्याच्या पुढे निघून जातो, कधी मागे रेंगाळतो, वाटतं आता चुकला, आणि बरोब्बर जागेवर येतो.

दुसरं म्हणजे संगीतकार टॉम जोबिमचं 'सांबा दे उमा नोटा सो', म्हणजे 'एकाच सुराचा सांबा'. चाल खरंच एका सुरावर ठाण मांडून बसते आणि खाली कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, सरकत राहतात. आपल्याकडे तंबोरा जागेवर आणि गाणारा हिंडतो, इथे नेमकं उलटं, सूर तोच पण दर वेळी त्याचा रंग वेगळा. हे एकदा कानाला कळलं की 'सगळं सारखंच' वाटणं संपतं.

जिल्बेर्तोचा अमेरिकन सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झबरोबरचा अल्बम 'गेट्झ/जिल्बेर्तो' (१९६४) सगळेच सुचवतील, ऐकाच, सुंदर आहे, ग्रॅमीचा अल्बम ऑफ द इयर आहे. पण त्यातलं इपानेमाच्या मुलीचं गाणं ('द गर्ल फ्रॉम इपानेमा') पूर्ण लांबीचं ऐका. सिंगल काढताना जुआँवची पोर्तुगीज कडवी कापली आणि फक्त गायिका अस्त्रुद जिल्बेर्तोचं इंग्रजी ठेवलं, बऱ्याच लोकांना तेवढंच माहीत असतं. आणि खरं सांगू, गेट्झचा सॅक्सोफोन मला कधीकधी जरा जास्त होतो. माझं मत विचाराल तर जिल्बेर्तोचा १९७३ चा अल्बम घ्या, गिटार, गळा आणि अगदी हलकं पर्कशन, एवढंच. रात्री हेडफोन लावून.

हे फारच मऊ वाटलं तर जॅझकडून या. रिओच्या कोपाकबाना भागात बेको दास गाराफास नावाची क्लबांची गल्ली होती, म्हणजे बाटल्यांची गल्ली, कारण आवाजाला वैतागून वरचे रहिवासी बाटल्या फेकायचे :) तिथल्या मंडळींपैकी ड्रमर एडिसन माशादोचा १९६४ चा 'एडिसन माशादो ए सांबा नोव्हो' लावा, झोप उडेल.

आणि गायिका एलिस रेजिना आणि टॉम जोबिम यांच्या 'एलिस आणि टॉम' (१९७४) मधलं पहिलंच गाणं, मार्चच्या पावसाचं ('आग्वास दे मार्सो'). शेवटी शेवटी एलिसला हसू आवरत नाही, आणि ते रेकॉर्डवर तसंच ठेवलंय.