आयडी बरोबर असूनही ट्रान्समीटर जॉइन होत नसतील तर

तुमचं म्हणणं असं की नंदेसरीच्या प्लांटमध्ये आठ वायरलेसहार्ट (म्हणजे तारेशिवाय एकमेकांमार्फत डेटा पाठवणारे) टेम्परेचर ट्रान्समीटर लावले, पाच गेटवेवर, म्हणजे सगळ्यांचा डेटा गोळा करणाऱ्या डब्यावर, दिसतायत, तीन कालपासून सर्चिंगमध्येच, म्हणजे नेटवर्क शोधण्यातच, अडकलेत, आणि नेटवर्क आयडी तर तिन्हींत बरोबर दिसतोय. पाच चालतायत ना, मग गेटवेला हात लावू नका, रीस्टार्ट तर अजिबात नको, नाहीतर चालू असलेलेही बाहेर पडतील आणि सगळ्यांना पुन्हा जॉइन व्हायला वेळ लागेल.

आयडी हँडहेल्डवर, म्हणजे सेटिंग करायच्या हातातल्या यंत्रावर, वाचता येतो म्हणून आपण तोच परत परत बघत बसतो, पण जॉइन की, म्हणजे नेटवर्कमध्ये शिरायचा पासवर्ड, वाचता येत नाही, ती फक्त लिहिता येते, म्हणजे आत काय पडलंय ते कोणीच सांगू शकत नाही. म्हणून तपासायच्या भानगडीत पडू नका, तिन्हींत सरळ नव्याने टाका. आठ-आठ अक्षरांचे चार भाग असतात, एकूण 32, आणि हेक्स असल्यामुळे 0 ते 9 आणि ए ते एफ एवढंच चालतं, त्यात ओ नसतोच, जे गोल दिसतं ते शून्य. हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला असेल तर बी आणि 8 ची गल्लत हमखास होते, आमच्या इथे बडोद्यात शिफ्ट बदलताना हे नेहमी चालतं, त्यामुळे एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने टाकायचं. की टाकल्यावर मेन्यूत फोर्स जॉइन (लगेच जोडायला लावणारी कमांड) असेल तर तो द्या, कारण बराच वेळ नेटवर्क मिळालं नाही की बॅटरी वाचवायला डिव्हाइस अधूनमधूनच शोधतं आणि तुम्हाला वाटतं काही फरकच पडला नाही.

डिस्प्लेकडेही नीट बघा. नुसतं सर्चिंगच राहिलं तर त्याला नेटवर्क ऐकूच येत नाहीये, म्हणजे आयडी नाहीतर अंतर, पण निगोशिएटिंगपर्यंत (नेटवर्क सापडून जोडणीची बोलणी चालू) जाऊन परत सर्चिंगवर येत असेल तर पहिला संशय जॉइन कीवरच घ्यायचा. आणखी एक, गेटवेत प्रत्येक डिव्हाइसला वेगळी की असा मोड कोणी चालू ठेवला असेल तर सगळ्यांना एकच की टाकून काही होणार नाही, त्या तिघांची नावं गेटवेच्या यादीत आहेत का ते बघून घ्या.

आता अंतर. पाइप रॅक, रिअ‍ॅक्टर, जिथून ट्रक जाऊ शकत नाही अशी दाट जागा असेल तर 30 मीटरच धरा, मोकळ्या जागेतले आकडे तिथे लावू नका. अँटेना उभाच हवा आणि मोठ्या लोखंडी भिंतीपासून निदान अर्धा मीटर लांब, टँकला चिकटून लावलेला ट्रान्समीटर मी तर हलवायलाच सांगेन. प्रत्येक ट्रान्समीटरला डेटा पुढे द्यायला तीन शेजारी डिव्हाइस मिळाले पाहिजेत, म्हणजे मध्ये क्रेन उभी राहिली तरी डेटा दुसऱ्या वाटेने जातो. वायफायची काळजी लोक उगाच जास्त करतात, हे नेटवर्क 2.4 गिगाहर्ट्झवरच चालतं खरं, पण चॅनल सारखं बदलत राहतं.

अपडेट रेट, म्हणजे किती वेळाने रीडिंग पाठवायचं तो वेग, सध्या वाढवू नका. टँकचं तापमान दर सेकंदाला बघून काय करणार, मिनिटाला एकदा पुष्कळ झालं, नाहीतर बॅटरी लवकर संपते आणि ती बदलायला परत परमिट काढून वर चढायचं.

कळकळीने सांगतो, कंपनीतून आलेली डीफॉल्ट की तशीच ठेवू नका आणि सगळ्या प्लांटना एकच की वापरू नका. एन्क्रिप्शन 128 बिटचं आहे पण की भिंतीवर चिकटवलेली असेल तर त्याचा काय उपयोग. आणि हँडहेल्ड त्या झोनसाठी, म्हणजे स्फोटाचा धोका असलेल्या भागासाठी, चालणारा आहे ना ते बघूनच झाकण उघडा, साधा लॅपटॉप आणि मोडेम घेऊन सॉल्व्हंटच्या भागात जायचं नाही, कितीही घाई असली तरी.

तिघांपैकी गेटवेला जवळचा आधी करा, तो आत आला की लांबच्या दोघांना त्याच्यामार्फत वाट मिळते. डिस्प्लेवर काय मेसेज येतो तो जसाच्या तसा इथे लिहा, मग पुढचं बघू.