अठरा पूर्ण होण्याआधी

प्रश्न : सोलापुरातल्या बालगृहातला माझा भाचा साडेसतरा वर्षांचा आहे. अठरा झाले की त्याचं काय? – एक मावशी

उत्तर : मावशी, बालगृह सुटतं, पण आधार लगेच संपत नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ आणि त्याखालच्या नियमांप्रमाणे अनुरक्षण सेवा, म्हणजे बालगृहातून बाहेर पडल्यावरची मदत, २१ वर्षांपर्यंत, अपवाद म्हणून २३ पर्यंत मिळू शकते. घोळ होतो तो कागदांत. आधार कार्डावरची जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळत नाही आणि बँकखातं अडतं. बाहेर पडल्यावर हे निस्तरणं फार अवघड. म्हणून आत्ताच अधीक्षकांना भेटून त्याचा वैयक्तिक काळजी आराखडा, म्हणजे त्याच्यासाठी केलेली लेखी योजना, बघा. जिल्हा बाल संरक्षण कक्षात अनुरक्षण सेवेसाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्याच. आयटीआयचा ट्रेड मात्र त्यालाच निवडू द्या. मोठ्यांनी लादलेला ट्रेड पोरं बहुधा अर्ध्यावर सोडतात.