पत्र्याखालची रात्र नकाशात दिसत नाही

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, जवळ आला की तेच ते प्रश्न पुन्हा येतात. काहींना एक ओळ पुरते.

खिशात कांदा ठेवला तर ऊन लागत नाही, हे खरं का?

नाही. कांदा जेवताना खा. बाहेर पडताना डोक्याला दुपट्टा आणि सोबत पाणी घ्या.

आम्ही ठाण्याचे. इथे पारा चाळिशी क्वचितच गाठतो. उष्णतेच्या लाटेची काळजी विदर्भानेच करायची ना?

हवामान खातं मैदानी भागात ४० अंशांपासून लाटेचा विचार करतं, किनारपट्टीवर ३७ पासूनच. दमट हवेत घाम सुकत नाही, आणि न सुकणारा घाम अंग थंड करत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानात माणसं दगावली, त्या दिवशीचा पारा नागपूरकरांनी हसण्यावारी नेला असता.

आमच्या प्रभागासाठी उपग्रहाचा उष्णता-नकाशा आलाय. लाल भागांत झाडं लावायचं ठरतंय. योग्य ना? (नागपूर)

जरा थांबा. असे बरेचसे नकाशे लँडसॅट उपग्रहाच्या चित्रांवरून करतात. तो आपल्या डोक्यावरून जातो सकाळी दहाच्या सुमारास, आणि मोजतो ती छपरं, डांबर, माती किती तापली ते, हवा नव्हे. म्हणून मे महिन्यात विमानतळाची धावपट्टी आणि पडीक रान लालभडक दिसतं. तिथे झोपतं कोण? दहा बाय दहाची खोली, वर टिनाचा पत्रा, खिडकी एकच, वीज गेलेली, मध्यरात्र उलटली तरी भिंत हाताला गरम लागते. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री उसंत मिळाली नाही तर हृदय आणि मूत्रपिंडं थकतात. यातलं काहीही त्या नकाशात नाही.

लाल रंगाच्या जोडीला वस्तीत म्हातारे किती, मधुमेही किती, उन्हात राबणारे किती, नळ किती वेळ चालतो, हेही मांडा. ‘आकडेच नाहीत’ ही सबब मला सांगू नका. महापालिकेत जन्म-मृत्यू नोंदणी विभाग असतो. दाखल्यावर उष्माघात क्वचितच लिहिला जातो, ‘हृदयक्रिया बंद’ असंच असतं. म्हणून सगळ्या कारणांचे मृत्यू तारीखवार, प्रभागवार काढा आणि आधीच्या वर्षांच्या त्याच आठवड्यांशी ताडून बघा. अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेतले १,३४४ जादा मृत्यू अशाच हिशेबातून पुढे आले, आणि २०१३ मध्ये शहराने कृती आराखडा केला. झाडं जरूर लावा, पण बसथांब्यावर, मजूर अड्ड्यावर. त्याआधी आरोग्य अधिकारी, उद्यान विभाग आणि वस्तीतल्या आशाताईंना एका टेबलाशी बसवा.

छताच्या पांढऱ्या रंगाने ‘दहा अंश’ कमी होतात, असं विक्रेता म्हणतो.

छताच्या पृष्ठभागाचे की खोलीतल्या हवेचे, हे त्याला विचारा आणि लेखी घ्या. खोलीत फरक पडतो, पण बराच कमी. धूळ बसली की तोही घटतो. छत गळकं असेल तर आधी अभियंत्याला दाखवा.

वडील ७२ वर्षांचे आहेत. बीपीसाठी लघवीची गोळी चालू आहे. उन्हाळ्यापुरती बंद करू का?

स्वतःच्या मनाने मुळीच नाही. याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. पाणी-मीठ किती, तेही तेच ठरवतील. मात्र उन्हात ते बरळू लागले आणि अंग भट्टीसारखं तापलं, तर भेटीची वेळ घेत बसू नका. १०८ ला फोन करा, सावलीत आणा, अंगावर पाणी ओतून वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉल या तापावर चालत नाही.